फिल्म कल्चर मॅनेजमेंट : पदव्युत्तर शिक्षण कुठे, कधी आणि कशासाठी

प्रश्न : ताई, मी सांगलीची. वय २३, बी.कॉम. झालंय. कॉलेजात असल्यापासून मित्रमैत्रिणींबरोबर एक फिल्म क्लब चालवते. मला दिग्दर्शन करायचं नाही. महोत्सव, फिल्म सोसायटी, संग्रहालय अशा ठिकाणी राहून चांगला सिनेमा लोकांपर्यंत पोचवायचं काम करायचं आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण कुठे घेऊ? परदेशात जावंच लागतं का? खर्च कसा उभा करायचा? आणि घरचे विचारतात यात नोकरी असते का, त्यांना काय सांगू?

उत्तर :

'दिग्दर्शन करायचं नाही' हे तू स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस. या कामात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात स्वतःचा सिनेमा घोळत असतो आणि महोत्सवातली नोकरी म्हणजे तोवरची सोय असते. अशी माणसं दोन-तीन हंगामांत कंटाळतात. तुला मुळात दुसऱ्याचा सिनेमा लोकांपुढे नेण्यात रस आहे, आणि या क्षेत्राची पहिली पात्रता तीच. बी.कॉम. आहेस याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. अंदाजपत्रक मांडता येणारी आणि करारातला आकडा वाचता येणारी माणसं आमच्याकडे कमी आहेत.

अभ्यासक्रमांची नावं सांगण्याआधी एक उदाहरण सांगते, कारण 'फिल्म कल्चर मॅनेजमेंट' म्हणजे नेमकं कोणतं काम हे त्यातून दिसतं. मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात श्याम बेनेगलांचा १९७६चा 'मंथन' दाखवला गेला. बातम्यांत लाल गालिचा आला, नसीरुद्दीन शाह आले, स्मिता पाटीलचे कुटुंबीय आले. त्यामागचं काम बघ. हा चित्रपट गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिला, म्हणजे त्याच्या हक्कांची बोलणी एखाद्या स्टुडिओशी नव्हे, तर सहकारी दूध महासंघाशी करायची. मूळ कॅमेरा निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. आवाज मात्र मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेकडे जपलेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रदर्शन-प्रतीवरून घेतला. दुरुस्तीचं काम चेन्नईच्या प्रसाद या प्रयोगशाळेत आणि इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत झालं. पैसा त्याच दूध महासंघाने दिला. रंग मुळाबरहुकूम आहेत की नाहीत हे बघायला छायालेखक गोविंद निहलानी आणि खुद्द बेनेगल होते. कान झाल्यावर जूनमध्ये चित्रपट देशभरातल्या थिएटरांत लागला आणि नव्या पिढीने तो तिकीट काढून बघितला.

या सगळ्यात नवा शॉट एकही घेतला गेला नाही. पण निगेटिव्ह कुठे आहे आणि ती कुठल्या अवस्थेत आहे हे कुणीतरी शोधलं. दूध विकणाऱ्या संस्थेला जुन्या चित्रपटासाठी पैसे घालायला कुणीतरी राजी केलं. दोन देशांतल्या प्रयोगशाळांचं वेळापत्रक कुणीतरी जुळवलं, महोत्सवाशी पत्रव्यवहार केला, थिएटरं ठरवली. प्रत, हक्क, पैसा आणि प्रेक्षक या चार गोष्टी एका वेळेला एका जागी आणायच्या, एवढंच हे काम आहे आणि ते फार मोठं आहे. कुठलाही अभ्यासक्रम तपासताना मी एकच बघते : या चारपैकी किती गोष्टींना तिथे विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष हात लागतो? नुसत्या चर्चेने हे काम येत नाही.

आता तुला ठरवायचं आहे ते हे, की यातल्या कुठल्या बाजूला तुझा ओढा आहे. कारण जतनाचं शिक्षण वेगळं आणि प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे कुठला चित्रपट कुठे, कधी दाखवायचा ते ठरवण्याचं, वेगळं. दोन्ही एकाच पदवीत मिळतील या आशेवर दोन वर्षं आणि भलीमोठी रक्कम घालवू नये.

जतनाची बाजू आधी सांगते, कारण ती बाहेरून कमी दिसते. फिल्मचा जुना डबा उघडला की कधी कधी व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागल्याची ती खूण, त्याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात. तो डबा ताबडतोब बाजूला काढावा लागतो, कारण त्यातून निघणारं ॲसिड शेजारच्या डब्यांनाही लागतं. मग रिवाइंडिंगच्या टेबलावर रीळ चढवायचं, हातमोजे घालून फिल्मची कड बोटांमधून हळूहळू सरकवायची. फाटलेली छिद्रं आणि सुटत आलेले जुने जोड आधी बोटाला कळतात, मग डोळ्याला. फिल्म आकसली असेल तर प्रोजेक्टरचे दाते तिला फाडतील, म्हणून ते मोजायचं. एका फुटात सोळा चौकटी, हजार फुटांच्या रिळात साधारण अकरा मिनिटं. कितव्या फुटाला काय बिघाड आहे ते अहवालात लिहायचं. दिवसभर हेच. पन्नासच्या दशकाच्या आधीची नायट्रेट फिल्म तर पेट घेते आणि पेटली की विझत नाही. ८ जानेवारी २००३ला पुण्यात एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेच्या आवारातल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या चित्रपटांचं मूळ साहित्यही गेलं. १९३६च्या 'संत तुकाराम'पासूनचा आपला वारसा ज्या हातांत आहे, ते हात शिकलेले असणं किती गरजेचं आहे हे मला यापेक्षा वेगळं सांगता येणार नाही.

हे काम पुस्तकातून येत नाही, प्रयोगशाळा आणि गोदाम असलेली संस्थाच लागते. म्हणून जतनात जायचं असेल तर पदव्युत्तर शिक्षण हवं आणि आजच्या घडीला ते बाहेरच घ्यावं लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोग्रॅमिंगची बाजू तुला फिल्म क्लबमुळे थोडी माहीत आहे. पण महोत्सवात आठवड्यात शंभर-दीडशे शो असतात तेव्हा ती पार बदलते. लोकांना वाटतं प्रोग्रॅमर म्हणजे वर्षभर सिनेमे बघणारा नशीबवान माणूस. सिनेमे बघणं हा त्यातला सुखाचा भाग, पण पगार मिळतो तो उरलेल्या कामाचा. एकच उदाहरण घे. आज चित्रपट डीसीपी या डिजिटल स्वरूपात येतो आणि बहुतेक वेळा तो कुलूपबंद असतो. त्याची किल्ली म्हणजे केडीएम ही एक छोटीशी फाइल. ती एका ठरावीक थिएटरच्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. गर्दी बघून तू शो दोन नंबरच्या पडद्यावरून चार नंबरवर नेलास, तर चित्रपट सर्व्हरवर चढलेला असूनही उघडणार नाही. नवी किल्ली मागायला पॅरिसच्या विक्री-एजंटला मेल करायचा, आणि आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा तिथे अजून उजाडायचं असतं. म्हणून वेळापत्रकावर बसणाऱ्या माणसाला सिनेमाचं सौंदर्यशास्त्र जितकं कळायला हवं तितकंच हेही कळायला हवं. आमच्यात याला प्रिंट ट्रॅफिक म्हणतात. नवख्या माणसाला पहिली दोन वर्षं याच टेबलावर बसवावं असं मला वाटतं, कारण महोत्सवाची सगळी नाडी तिथे कळते.

हक्क, विक्री, वितरण ही तिसरी बाजू. तिच्याकडे आपली मुलं वळत नाहीत याची मला खंत आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला २०१४मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळालं. जानेवारी २०२५मध्ये रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ने सनडान्समध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावलं. मराठी चित्रपट तिथवर पोचतो आहे. पण तिथून पुढे विक्री-एजंटशी बोलणं, देशोदेशीचे हक्क वेगवेगळे विकणं, महोत्सवांचा क्रम ठरवणं, हे जाणणारी मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाबरोबर फिल्म बाजार भरतो, एनएफडीसी या केंद्र सरकारच्या चित्रपट महामंडळाने तो २००७मध्ये सुरू केला. तिथे तीन-चार दिवस नुसतं फिरलीस तरी या बाजूचा अंदाज येईल. तुझ्या बी.कॉम.ला सगळ्यात जवळची बाजू हीच आहे.

आता देशातले पर्याय. 'फिल्म कल्चर मॅनेजमेंट' याच नावाची आणि त्या चारही गोष्टींना हात लावू देणारी पदवी भारतात आहे असं सांगून मी तुझी दिशाभूल करणार नाही. जे आहे ते फिल्म स्टडीज. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा विभाग १९९३पासूनचा, देशातला या विषयाचा पहिला. दिल्लीत जेएनयूच्या कला आणि सौंदर्यशास्त्र विभागात सिनेमाचा अभ्यास गंभीरपणे होतो. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यासाचं एम.ए. आहे, त्यात माहितीपट बनवण्याचं प्रत्यक्ष कामही असतं. या तिन्ही ठिकाणी वाचायला, लिहायला, वाद घालायला उत्तम शिकवतात आणि सरकारी अनुदानामुळे फी परदेशाच्या तुलनेत नगण्य. कार्यक्रमपत्रिकेसाठी दोन पानी टिपण चांगलं लिहिता येणं ही या क्षेत्रात मोठी गोष्ट आहे, ती तिथे येते. डीसीपी आणि अंदाजपत्रक मात्र तिथे येणार नाही, ते तुला बाहेर उन्हाळी-हिवाळी कामांतून उचलावं लागेल.

पदवी नसलेल्या दोन गोष्टी मी त्याहून आधी करायला सांगेन. पहिली म्हणजे पुण्यातला एफटीआयआय आणि संग्रहालयाचा मिळून चालणारा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम. एफटीआयआयचे प्राध्यापक सतीश बहादूर आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी घडवलेली ही परंपरा. महिनाभर सकाळ-संध्याकाळ व्याख्यानं आणि चित्रपट, आणि देशभरातून आलेली तुझ्यासारखीच वेडी माणसं. पुढची वीस वर्षं ज्यांना फोन करशील अशी माणसं तिथे भेटतात. दुसरी म्हणजे फिल्म हेरिटेज फाउंडेशनची जतनाची कार्यशाळा. चित्रपट संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फियाफच्या सहकार्याने २०१५पासून ती वेगवेगळ्या शहरांत होते आणि जगातल्या मोठ्या संग्रहालयांतली माणसं शिकवायला येतात. त्या टेबलावर बसून फिल्म हाताळलीस की जतन हे आपलं काम आहे की नाही याचा निकाल आठवड्याभरात लागतो. एखाद्या परदेशी विद्यापीठाची फी भरून तो निकाल लावण्यापेक्षा हे बरं.

परदेशात माझ्या मते जाण्यासारख्या जागा थोड्या आहेत. ॲमस्टरडॅम विद्यापीठाचा चित्रफितींचं जतन आणि सादरीकरण हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिथल्या आय फिल्म म्युझियमच्या जवळिकीमुळे मोलाचा, कारण संग्रहालयात काम करणं हा शिक्षणाचाच भाग आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचाही दोन वर्षांचा जतनाचा अभ्यासक्रम नावाजलेला, पण खर्च डोळे पांढरे करणारा. अमेरिकेतच रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन म्युझियममध्ये सेल्झनिक स्कूल आहे, १९९६पासून. नायट्रेटपासून डिजिटलपर्यंत सगळं संग्रहालयाच्या आतच बसून शिकवतात. नुसतं जतनच करायचं ठरलं तर माझी पहिली पसंती तिला.

स्पेनच्या बास्क प्रांतातल्या सान सेबास्तियानमध्ये एलियास केरेहेता सिनेमा शाळा आहे. ती २०१८मध्ये सुरू झाली. जतन, प्रोग्रॅमिंग आणि निर्मिती अशा तीन शाखांचे विद्यार्थी तिथे एकाच छताखाली शिकतात. ते छत म्हणजे तबाकालेरा, तंबाखूचा जुना कारखाना. त्याच इमारतीत बास्क चित्रपट संग्रहालय आहे आणि सान सेबास्तियान महोत्सवाचं कार्यालयही. एका मजल्यावर शिकायचं आणि दुसऱ्या मजल्यावर महोत्सव उभा राहताना बघायचा, ही सोय मला इतर कुठे फारशी दिसत नाही.

ब्रिटनमध्ये प्रोग्रॅमिंगसाठी लंडनच्या बर्कबेक कॉलेजचा आणि बीकन्सफील्डच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलचा, असे दोन अभ्यासक्रम बघ. दुसऱ्याला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची साथ आहे. इथे भाषेची अडचण नाही, पण फी आणि राहणं मिळून आकडा फार मोठा होतो, हे आधीच लक्षात घे.

आणि एक पर्याय असा, जो आपल्याकडे कुणी सांगत नाही. जर्मनीत फ्रँकफर्टच्या गटे विद्यापीठात चित्रपट-संस्कृती याच नावाचं एम.ए. आहे : संग्रह, प्रोग्रॅमिंग, सादरीकरण. विद्यापीठ आणि फ्रँकफर्टचं चित्रपट संग्रहालय मिळून ते चालवतात. तुझ्या प्रश्नाला नावासकट जुळणारा अभ्यासक्रम हाच. हेसेन राज्यातल्या सरकारी विद्यापीठात शिक्षण-शुल्क नाही, सत्राची किरकोळ रक्कम भरावी लागते. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, आणि शिकवणं मुख्यतः जर्मनमध्ये. जर्मन म्हटलं की मुलं पान उलटतात. पण पुण्यात मॅक्सम्यूलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. महाराष्ट्रातून इंजिनिअरिंगची किती मुलं दरवर्षी जर्मन शिकून तिकडे जातात! दोन-अडीच वर्षं नेटाने केलंस तर ही भाषा येते, आणि तेवढी वर्षं तुला तसंही थांबायचंच आहे.

हो, थांबायचंच आहे. बी.कॉम.नंतर लगेच परदेशी जाऊ नकोस, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. हे अभ्यासक्रम बारा-पंधरा जणांचे वर्ग घेतात, वर्गातली बाकीची मंडळी कुठल्यातरी महोत्सवात किंवा संग्रहात काम करून आलेली असतात. त्यांच्या बोलण्यात जे असतं ते तुझ्याकडे नसेल तर पहिलं वर्ष ऐकण्यातच जातं. शिवाय ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती हवी असेल तर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव ही अटच आहे, आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहणं हीसुद्धा. दोन-तीन वर्षं इथे काम कर. आपल्याकडचा हंगाम नीट बांधलेला आहे : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबई आणि गोवा, डिसेंबरमध्ये तिरुवनंतपुरम, जानेवारीत पुणे. स्वयंसेवक म्हणून घुस आणि पुढच्या वर्षी टेबल माग. पाहुण्यांच्या गाड्यांचं टेबल नको, प्रिंट ट्रॅफिकचं माग. फुकट राबवून घेणाऱ्या ठिकाणी मात्र एका हंगामाच्या वर राहू नकोस. अनुभवाच्या नावाखाली तरुण मुलांना वर्षानुवर्षं बिनपगारी वापरणं या क्षेत्रात चालतं आणि ते चुकीचं आहे.

त्या वर्षांत केरळला एकदा तरी जाऊन ये. तिथल्या महोत्सवात इराणी किंवा लॅटिन अमेरिकी चित्रपटाला सकाळी नऊला रांग लागते ती उगाच नाही. १९६५मध्ये दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन आणि मित्रांनी चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली, मग गावोगाव सोसायट्या झाल्या, १९९६मध्ये महोत्सव आला आणि १९९८मध्ये राज्य सरकारची चलच्चित्र अकादमी. आधी प्रेक्षक घडला, संस्था नंतर आली. आपल्याकडेही ही चळवळ होती आणि आहे. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८चं. पण जिल्ह्याच्या गावी ती हवी तशी रुजली नाही, आणि तुझा क्लब सांगलीत आहे म्हणूनच मी एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसले.

खर्चाबद्दल. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती १८९२पासून चालू आहे आणि ती विषयाच्या बाबतीत उदार आहे. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध समाजातली असशील तर महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. ती जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांसाठी असते, त्यामुळे ॲमस्टरडॅम किंवा न्यूयॉर्क चालू शकतं, पण सान सेबास्तियान किंवा बीकन्सफील्डसारख्या स्वतंत्र सिनेमा-शाळा त्या यादीतच नसतात. अर्ज करण्याआधी हे तपासायचं राहून जातं आणि वर्ष वाया जातं. बँकेच्या कर्जाबद्दल माझं मत कठोर आहे : घर किंवा शेती तारण ठेवून या विषयासाठी परदेशी जाऊ नये. इथल्या पगारांतून ते कर्ज फिटत नाही, मग कर्जापायी माणूस हे क्षेत्र सोडून जाहिरातीत किंवा आयटीत जातो. शिष्यवृत्ती किंवा फ्रँकफर्टसारखा कमी फीचा मार्ग मिळेपर्यंत देशात काम करत राहणं हे त्याहून शहाणपणाचं.

घरच्यांना खरं तेच सांग. कायमच्या नोकऱ्या कमी, करारावरच्या जास्त, आणि महोत्सवांचं काम हंगामी. पण नोकऱ्या आहेत. जुने चित्रपट जतन करण्याचं केंद्र सरकारचं राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान ५९७ कोटींचं आहे, त्यामुळे फिल्म तपासणं, नोंदी करणं, स्कॅनिंग यांची कामं निघाली. चेन्नई-मुंबईच्या प्रयोगशाळांत दुरुस्तीची कामं असतात. मुंबईला पेडर रोडवर २०१९पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मॅक्सम्यूलर भवन आणि आलियाँस फ्राँसेझसारख्या संस्थांत कार्यक्रम-अधिकारी लागतात. ओटीटी कंपन्यांत चित्रपट घेणं, त्यांचे हक्क सांभाळणं, नोंदी ठेवणं यासाठी माणसं लागतात आणि पगार तिथे सगळ्यात बरा. एकीकडे अशी पक्की नोकरी आणि जोडीला वर्षातून एक महोत्सव, असं आयुष्य माझ्या ओळखीतले पुष्कळ जण आनंदाने जगतात.

आता लगेच करायचं काम. अर्जाबरोबर तुझं सिनेमावरचं प्रेम सांगणारं पत्र सगळेच जोडतील, तू एक पुरा कार्यक्रम जोड, प्रत्यक्ष केलेला. कल्पना मी देते. तुझा जिल्हा सहकाराचा. साखर कारखान्याच्या सत्तेवरचा जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत होता. त्याच्याबरोबर दूध सहकाराचा 'मंथन' ठेव. दोन दिवस, दोन चित्रपट, दोन चर्चा, आणि प्रेक्षक कारखान्याचे आणि दूध संघाचे सभासद, त्यांच्या घरच्या बायका, कृषी महाविद्यालयातली मुलं.

मग कामाला लाग. दोन्ही चित्रपटांचे सार्वजनिक खेळाचे हक्क आज कुणाकडे आहेत ते लेखी शोध. आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतात, म्हणजे दोन्ही अजून हक्काखाली आहेत. ('संत तुकाराम'सारख्या चित्रपटाचे हक्क संपले असले तरी चांगली प्रत कुणाच्या तरी ताब्यात असतेच आणि ती मागावीच लागते, हा फरक समजून घे.) यूट्यूबवरून उतरवलेली फाइल दाखवू नकोस. खेळाची फी किती मागतात ते विचार, घासाघीस कर. सभागृहाचा प्रोजेक्टर काय चालवतो ते प्रोजेक्शनिस्टशी बोलून लिहून घे. पैशासाठी एखाद्या सहकारी बँकेकडे जा आणि त्यांच्या वार्षिक अहवालात हा खर्च कुठल्या सदराखाली बसेल तेही तूच सांग, तुला ते येतं. पुढे कधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट दाखवायचा झाला, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते आणि तो नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवता येतो, एवढं आत्ताच माहीत असू दे. झाल्यावर तीन पानांचा अहवाल लिही : किती आले, कोण आले, जमा किती, खर्च किती, चर्चेत लोक काय बोलले. त्यातली माणसं जितकी खरी तितका अहवाल चांगला.

आणि ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करशील, त्याच्या गेल्या तीन-चार वर्षांतल्या एक-दोन माजी विद्यार्थ्यांना आधी मेल कर, शक्यतो भारतातून किंवा आपल्या शेजारच्या देशांतून गेलेल्यांना. लोक उत्तर देतात. 'कोर्स कसा आहे' असं विचारू नकोस, त्याला 'छान' हेच उत्तर येतं. विचार की दुसऱ्या वर्षी संग्रहालयात आठवड्याला किती तास होता, कुठल्या वस्तूला हात लावू दिला, तुमच्या वर्गाचा महोत्सव झाला तेव्हा त्याचे पैसे कुणाच्या हातात होते, आणि आता उपजीविका कशावर चालते. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नकोस.